सर पढातेच नहीं!

आपाचा फोन सहसा रात्री जेवणं आटोपल्यावर येतो. त्या दिवशी तो भर दुपारी आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. २०२१ सालच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझी भाची तेव्हा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज बंद, हॉस्टेल बंद, आणि मिरजेच्या दोन खोल्यांच्या घरात एका मोबाइलवर तिचं इंजिनिअरिंग चाललेलं.

आपा म्हणाली, "तू शिक्षिका आहेस, तूच सांग. हिचे एक सर तासाला शिकवतच नाहीत. मुलांनाच प्रश्न विचारतात, मुलांनाच आपसात बोलायला लावतात. हे म्हणतात, फी आपण भरायची आणि शिकायचं पोरांनी एकमेकांकडून, तर त्यापेक्षा हे वर्ष ड्रॉप करू." मग आवाज खाली आणून तिने सांगितलं की कोल्हापूरहून एक स्थळही आलंय.

फोन भाचीकडे गेला. तिचीही तक्रार तीच. "खाला, सर पढातेच नहीं! बाकीचे सर दोन दोन तास स्लाइड वाचतात, आम्ही लिहून घेतो. हे सर दहा मिनिटं बोलतात आणि थांबतात. मग आमची परीक्षाच सुरू!"

मी म्हटलं, उद्या मी येते आणि तुझ्या शेजारी बसून तो तास बघते. कुठलाही निर्णय त्यानंतर.

आता माझ्याबद्दलही खरं सांगून टाकते. त्या वर्षी मी स्वतः सातवीच्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवत होते. चाळीस मिनिटं एकटीच बोलायचे. समोर काळे चौकोन. "समजलं का?" असं विचारलं की दोन-तीन आवाज यायचे, "जी मॅडम." एकदा तास संपल्यावर एक चौकोन तसाच राहिला. मी हाक मारत राहिले, तेव्हा त्या मुलाच्या दादीने फोन उचलला आणि सांगितलं की तो तर केव्हाचा पतंग उडवायला गेलाय. बी.एड.ला 'कृतियुक्त अध्ययन' या विषयावर दहा गुणांचं उत्तर लिहून आलेली मी! तेव्हा त्या सरांचा तास पाहायला मी काही परीक्षक म्हणून गेले नव्हते.

विषय होता 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स'. इमारतीतला बीम म्हणजे तुळई, तिच्यावर वजन आलं की ती किती वाकते, कुठे मोडू शकते, याचं हे शास्त्र. सरांनी कागदावर एक चित्र काढून दाखवलं. सहा मीटर लांबीची तुळई दोन्ही टोकांना टेकलेली, मधोमध १२ किलोन्यूटनचा भार. दोन्ही टेकूंवर ६-६ भार येतो, आणि तुळईला वाकवण्याचा जोर, ज्याला ही मुलं बेंडिंग मोमेंट म्हणतात, तो मधोमध सर्वांत जास्त असतो. ६ गुणिले ३ मीटर, म्हणजे १८. एवढं दहा मिनिटांत झालं आणि सर थांबले.

मग प्रश्न. हाच भार सरकवून डाव्या टेकूपासून २ मीटरवर आणला, तर भाराखालचा बेंडिंग मोमेंट वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील? सर म्हणाले, "वहीत उत्तर लिहा. चॅटमध्ये टाइप करून ठेवा, पण पाठवू नका. मी तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवायचं." ही युक्ती मला फार आवडली. वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर आधी येतं आणि बाकीचे त्याचीच नक्कल करतात, तो रस्ताच बंद. एक, दोन, तीन झालं आणि साठ-पासष्ट उत्तरं धडाधड खाली उतरली. निम्मी 'वाढेल', बाकीची 'कमी' आणि 'तेवढाच' यांत वाटली गेलेली.

भाचीने लिहिलं होतं, वाढेल. मी हळूच विचारलं, का? ती म्हणाली, "डावा टेकू जवळ आला ना, त्याच्यावरचा भार ६ वरून ८ झाला. भार वाढला म्हणजे मोमेंटही वाढणार." मला तर ते अगदी पटलं.

सरांनी बरोबर उत्तर सांगितलं नाही. चार-चार जणांच्या वेगळ्या खोल्या केल्या, त्यांना ब्रेकआउट रूम म्हणतात, आणि पाच मिनिटं दिली. अट एकच. आपलं उत्तर दुसऱ्याला पटवून द्यायचं, नाहीतर त्याचं पटवून घ्यायचं. भाचीच्या खोलीत एका मुलाचा आवाजच येत नव्हता, तो नुसतं टाइप करत होता. एक मुलगी गप्प. तिसरी मात्र भांडखोर निघाली. "भार ८ झाला हे खरं, पण अंतर किती राहिलं? तीनचं दोन झालं ना! आठ दुणे सोळा. अठरावरून सोळा, म्हणजे कमी." भाची दोन मिनिटं हटून बसली, मग वहीत गुणाकार केला, आणि "अरे हो!" एवढंच म्हणाली. परत आल्यावर पुन्हा तीन आकडे मोजून मत घेतलं, तेव्हा बहुतेक सगळ्यांचं उत्तर 'कमी' होतं. त्यानंतर सरांनी पाच मिनिटं नीट समजावलं, सूत्र मांडलं, आणि ज्यांचं उत्तर 'वाढेल' होतं त्यांच्या डोक्यात काय झालं असेल तेही सांगितलं. मला वाटतं तासातली सर्वांत मोलाची मिनिटं तीच.

अशा तासाला शिकवत नाहीत असं म्हणायचं का?

घरी आल्यावर मी या विषयावर थोडं वाचलं. ही काही आपल्या सरांनी लॉकडाऊनमध्ये काढलेली नवी टूम नव्हती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांची व्याख्यानं मुलांना आवडायची, मुलं अवघड गणितंही सोडवायची. १९९०च्या सुमारास त्यांनी वर्गाला बल आणि गती यांवरचे अगदी साध्या भाषेतले प्रश्न घातले, तर मुलं गडबडली. एका मुलीने विचारलं म्हणे की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी खरंच जसा विचार करते तशी? माझुर यांना ते लागलं. एकदा एक मुद्दा दोन-तीन वेळा सांगूनही मुलांना कळेना, तेव्हा वैतागून त्यांनी मुलांना आपसात बोलायला सांगितलं. वर्गात गलका झाला आणि काही मिनिटांत मुलांना कळलं. ज्याला आत्ताच समजलंय त्याला आपण कुठे अडकलो होतो ते आठवत असतं, आमच्यासारख्यांना ते कधीच विसरलेलं असतं. यातूनच त्यांची 'पीअर इन्स्ट्रक्शन' पद्धत उभी राहिली. प्रश्न, मत, चर्चा, पुन्हा मत. आपल्या सरांनी मोबाइलवर तेच केलं होतं.

आणि २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या कॉलेज वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत शंभरातले सुमारे ३४ नापास होत, तर मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. हा फरक लहान नाही. शंभर घरांपैकी बारा घरांतलं 'वर्ष गेलं' टळतं.

हे अभ्यास चार भिंतींतल्या वर्गांवरचे आहेत, मोबाइलवरच्या वर्गांवरचे नाहीत, हे मला मान्य आहे. मोबाइलवर सगळंच अवघड होतं. रेंज जाते, आवाज तुटतो, चर्चेच्या खोलीत चारपैकी दोघे मुके. पण म्हणूनच तिथे नुसतं ऐकणं आणखी फोल ठरतं असं मला माझ्या काळ्या चौकोनांवरून वाटतं. वर्गात निदान मास्तरांची नजर असते, पंख्याखाली डुलकी लागलेली दिसते. मोबाइलवर मुलाचा हात वहीवर चालत नसेल, तर तो वर्गात आहे की पतंग उडवतोय, कोण सांगणार?

दुल्हाभाईंना मात्र हे आकडे सांगून उपयोग नव्हता. त्यांची शंका वेगळी होती आणि मला ती रास्त वाटते. ते म्हणाले, "पण पोरगी स्वतःच म्हणते ना, की काही समजत नाही?" याचंही उत्तर हार्वर्डच्याच २०१९ सालच्या एका अभ्यासात सापडलं. एकच धडा काही मुलांना छान, ओघवत्या व्याख्यानातून दिला आणि काहींना गटात प्रश्न सोडवायला लावून. मग विचारलं, किती शिकलात? व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणी घेतली तर प्रश्न सोडवणारे पुढे! ओघवतं बोलणं ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः करायला घेतलं की अडखळायला होतं, आणि अडखळणं म्हणजेच न समजणं असं मुलांना वाटतं. मी दुल्हाभाईंना एवढंच म्हटलं की तुम्ही मुलाला सायकल शिकवलीत, तेव्हा तो पडत होता त्या दिवशी शिकत होता, की तुम्ही कॅरियर धरून पळत होतात त्या दिवशी?

ते हसले, पण पटलं नव्हतं. पटलं ते पुढच्या आठवड्यात, आणि त्यात माझा काही हात नाही.

सरांनी घरी करायचा प्रयोग दिला होता. प्रयोगशाळा बंद, तेव्हा घरात जे असेल त्याने टेकूवरचा भार मोजून फोटो पाठवायचा. आपा घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे तिच्याकडे किचनचा डिजिटल काटा आहे. भाचीने जुन्या कपाटाची दोन फुटी फळी काढली. एक टोक काट्यावर ठेवलेल्या पेन्सिलीवर, दुसरं टोक तेवढ्याच उंचीच्या डब्यावर ठेवलेल्या पेन्सिलीवर. फळीचं वजन काट्यावर शून्य करून घेतलं. साखरेची एक किलोची पिशवी बरोबर मधोमध ठेवली. काटा पाचशेच्या आसपास आला. मग तिने पिशवी उचलली आणि फळीच्या एक-तृतीयांश अंतरावर, काट्याच्या बाजूला धरून विचारलं, "अम्मी, आता किती दाखवेल?"

आपा दहावीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "सहाशेच्या वर जाईल, सातशेला टेकेल." काट्याने ६६० दाखवले. गणिताने ६६७ यायला हवेत. भाची थक्क. तुला कसं कळलं? आपा म्हणाली, "त्यात काय! शादीत बांबू घालून देग उचलतात तेव्हा बघितली नाहीस का? देग ज्याच्या जवळ सरकते त्याच्या खांद्यावर भार जास्त. अशक्त माणसाकडून देग लांबच ठेवतात."

दुल्हाभाई दारात उभे राहून हे पाहत होते. मग स्वतः खाली बसले. पिशवी बरोबर काट्याच्या वर ठेवली तर? हजार. पलीकडे सरकवली तर? तीनशे तेहतीस. त्यांच्याकडून दोनदा चुकलं आणि चुकल्यावर ते वाद घालायला लागले. भाचीने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जो आनंद होता, तो पहिल्या वर्षाच्या निकालालाही नव्हता. देगचं उदाहरण तिने सरांना लिहून पाठवलं आणि सरांनी पुढच्या तासाला ते वर्गाला सांगितलं.

या सगळ्यात घराचा वाटा किती मोठा असतो ते मला तेव्हा कळलं. तोपर्यंत भाची तासाला बोलायला लागली की आपा आतून ओरडायची, "अभ्यास सोडून गप्पा काय मारतेस?" चर्चा हाच अभ्यास आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगी गप्प बसून मोबाइलकडे बघतेय म्हणजे शिकतेय, आणि मोठ्याने बोलतेय, कागद फाडतेय, फळ्या मांडतेय म्हणजे टाइमपास, असा आपला हिशेब असतो. तो उलटा करावा लागला. नंतर त्या तासाच्या वेळी मिक्सर बंद राहू लागला आणि धाकट्या भावाला मोहल्ल्यात खेळायला पिटाळलं जाऊ लागलं. दोन खोल्यांत यापेक्षा जास्त काय करणार?

कॅमेऱ्याचाही प्रश्न होता. एका दुसऱ्या विषयाच्या तासाला कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे असा आग्रह होता. घरात मागे कुणी झोपलेलं, कुणी वुजू करून येतंय, अम्मी घरच्या कपड्यांत. बऱ्याच मुली मग रेंज नसल्याचा बहाणा करायच्या. हे सर म्हणायचे, तुमचा चेहरा मला नको, वहीचं पान पाठवा. तासाच्या शेवटी दोन ओळी लिहायला लावायचे, 'आज सर्वांत जास्त न समजलेली गोष्ट कोणती?' आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात त्याच उत्तरांवरून करायचे. ज्याच्याकडे डेटा कमी त्याच्यासाठी ब्रेकआउट रूमऐवजी एका जोडीदाराला साधा फोन लावण्याची मुभा होती. मुलगी हजर आहे की नाही हे वहीच्या पानावरून जास्त खात्रीने कळतं, हे मी माझ्या सातवीत आजमावून पाहिलं आहे.

शिक्षक वाचक इथे विचारतील, आणि मीही सरांना एकदा फोनवर विचारलं, की मग सिलॅबस कसा संपतो? ते म्हणाले, सिद्धता मांडायला वर्गातला वेळ घालवत नाही. ती पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत आदल्या रात्री पाठवतो, ज्यांना व्हिडिओ उतरत नाही त्यांना वहीच्या पानांचे फोटो. तासाला फक्त अडणाऱ्या जागा. सुरुवातीला एका तासात एकच प्रश्न घालत होते, जमल्यावर तीन. प्रश्न तयार करायलाच सर्वांत जास्त वेळ जातो, कारण निम्मी मुलं चुकतील असा प्रश्न हवा. सगळ्यांना येणारा प्रश्न आणि कुणालाच न येणारा प्रश्न, दोन्हींवर चर्चा होत नाही. आणि हो, प्रश्न घातल्यावर गप्प बसणं त्यांना फार जड गेलं म्हणे. पडद्यावरची अर्ध्या मिनिटाची शांतता अर्ध्या तासासारखी वाटते. मला लगेच पटलं. आम्हा मास्तर लोकांना गप्प बसण्याची सवय कुठे असते?

हे ऐकताना मला आमचे नाना आठवत होते. ते तरुणपणी काही वर्षं मदरशात शिकले होते. ते सांगायचे की उस्तादांच्या धड्याआधी मुताला, म्हणजे स्वतः वाचून जाणं. मग दर्स. आणि रात्री तकरार. चार-पाच तालिब-इल्म गोल करून बसायचे, त्यांतला एक दिवसाचा धडा बाकीच्यांना पुन्हा सांगायचा, बाकीचे त्याला अडवायचे, शंका काढायचे. मराठीत तकरार म्हणजे तक्रार, भांडण. तिथे तो अभ्यासाचाच भाग. नाना म्हणायचे, ज्याची पाळी असायची त्याचा धडा जन्मात विसरत नसे. हार्वर्डचं नाव ऐकून दबणाऱ्या आपल्या मुलांना हेही ठाऊक असायला हवं, म्हणून लिहिलं.

आज परिस्थिती बदलली आहे. कॉलेजं केव्हाच उघडली. पण ऑनलाइन शिक्षण काही गेलं नाही. कुणी 'स्वयम्'वरचा कोर्स करतं, कुणी नोकरी सांभाळून सॉफ्टवेअर शिकतं, आणि महागड्या ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती तर आपल्या घराघरांत येतात. अनेक आया मला विचारतात, पैसे भरू का? मी सांगते, आधी एक तास मुलाच्या शेजारी बसून बघा. शिकवणारा किती छान बोलतो ते बघू नका. तासाभरात तुमच्या मुलाने पेन किती वेळा उचललं, तो चुकला का, आणि चुकला हे कुणाच्या लक्षात आलं का, एवढंच बघा. फुकटात चांगलं काही हवं असेल तर आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्यूटोरियल' आहेत, मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत. साधारण दहा मिनिटांचा धडा असतो, आणि तो नुसता बघायचा नसतो. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून, थांबत थांबत स्वतः करत जायचं. प्रयोगांसाठी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याची 'व्हर्च्युअल लॅब्स' आहे. अर्थात साखरेच्या पिशवीची सर तिला नाही, असं माझं आपलं मत.

भाचीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. वर्ष ड्रॉप केलं नाही. त्या विषयात तिला ५८ गुण मिळाले, फार नाहीत, पण ते तिचे स्वतःचे. गणिताचा पेपर मात्र राहिला आणि पुढच्या सत्रात सुटला. त्या विषयाचे तास शेवटपर्यंत स्लाइड वाचण्यातच गेले होते. कोल्हापूरच्या मंडळींना आपाने कळवलं की मुलीचं शिक्षण पूर्ण झाल्यावर बोलू.

आता ती सांगलीत एका साइटवर काम करते. तिच्या चुलतभावाने यंदा डिप्लोमाला प्रवेश घेतलाय. आठवड्यातून दोनदा रात्री नऊ वाजता ती त्याला फोन लावते आणि तो तिला धडा सांगतो. ती फक्त अडवते. परवा तो माझ्याकडे कुरकुरत होता, "फुफू, आपा कुछ पढातीच नहीं, बस पूछतीच रहती." मी काही बोलले नाही. आपाचा किचनचा काटा सध्या त्याच्याकडे आहे आणि आपा केकचं मैदा-साखर पुन्हा वाटीने मोजतेय.